पीआरचे प्रोफाइल असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मागावा का?

सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळवण्यासाठी त्यांचे एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत प्रोफाइल तयार आहे, पण पीआरचा अर्ज करण्याचे निमंत्रण अद्याप आलेले नाही. त्यांची धाकटी बहीण कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला राहते, ती तिथली कायम रहिवासी (पीआर) आहे आणि तिचे बाळंतपण जवळ आले आहे. त्यासाठी दोन-अडीच महिने जाऊन येण्याचा ताईंचा विचार आहे. यजमान अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना सांभाळतील आणि सात वर्षांची मुलगी शाळेमुळे त्यांच्याजवळच राहील. एका एजंटाने त्यांना सांगितले की, अर्जात पीआरचे नावही काढू नका. दुसरा म्हणाला की, एकदा तिकडे पोहोचा, पुढचे सगळे तिथूनच होते. व्हिजिटर व्हिसा मागितल्याने पीआरला बाधा येईल का, हीही त्यांना काळजी आहे.

या कामात परवानाधारक सल्लागार म्हणून अनेक वर्षे घालवल्यावर माझे मत असे आहे की, दोन्ही एजंटांचे सांगणे ऐकण्यासारखे नाही आणि पहिल्याचे तर घातक आहे. कॅनडात कायम राहण्याची इच्छा असणे हा व्हिजिटर व्हिसा नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. ही इच्छा लपवणे मात्र व्हिसा आणि पीआर दोन्ही घालवू शकते.

कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर आणि निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम २२ मधील दुसरे उपकलम यासंबंधी स्पष्ट आहे. परदेशी व्यक्तीचा कायम रहिवासी होण्याचा इरादा असला, तरी तेवढ्यावरून तिला तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही. मात्र परवानगीची मुदत संपेपर्यंत ती कॅनडा सोडेल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. या क्षेत्रात याला ‘ड्युअल इंटेंट’ म्हणतात. या तरतुदीचा पहिला भाग सगळे सांगतात आणि दुसरा गाळतात. अर्जदाराची खरी परीक्षा दुसऱ्या भागातच होते, कारण पीआरचा इरादा मान्य असला तरी परत येण्याची खात्री पटवण्याची जबाबदारी आपल्याकडेच राहते, आणि ज्याचा इरादा उघड आहे त्याच्याबाबत अधिकारी ही खात्री अधिक बारकाईने तपासतो. समजा पीआरचे निमंत्रण आले नाही, किंवा आलेला अर्ज नामंजूर झाला, तर ही बाई मुकाट्याने सोलापूरला परतेल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो आणि आपल्या फाइलमधील प्रत्येक कागदाने त्याचेच उत्तर दिले पाहिजे.

आता सांगावे की न सांगावे, याकडे येतो. एक्सप्रेस एंट्रीचे प्रोफाइल म्हणजे पीआरचा अर्ज नव्हे. निवडीच्या रांगेत नाव नोंदवण्याचा तो प्रकार आहे, त्याची मुदत बारा महिन्यांची असते आणि निमंत्रण आल्यानंतर साठ दिवसांत भरला जातो तो खरा अर्ज. व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी यापूर्वी अर्ज केला आहे का, असा प्रश्न असतो. निमंत्रणानंतरचा अर्ज दाखल झाला असेल, तर त्याचे उत्तर ‘होय’ हेच आहे. नुसते प्रोफाइल असेल तर त्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर ‘नाही’ असे देता येते, तरीही सोबतच्या पत्रात प्रोफाइलचा उल्लेख करावा असाच सल्ला मी देतो. याचे कारण व्यावहारिक आहे. दोन्ही गोष्टी एकाच खात्याकडे, म्हणजे आयआरसीसी या कॅनडाच्या स्थलांतर खात्याकडे जातात. शिवाय बहीण कॅनडाची पीआर असल्याबद्दल प्रोफाइलमध्ये आपण पंधरा गुण घेतले असणार. ज्या बहिणीच्या नावावर गुण मागितले तिच्याच घरी जाण्यासाठी व्हिसा मागायचा आणि प्रोफाइलबद्दल मौन पाळायचे, हे पाहणाऱ्याला चोरटेपणाचे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

हा उल्लेख दोन-तीन वाक्यांचा असावा. पानभर खुलासा केला की पाणी कुठेतरी मुरते आहे असे वाटू लागते. पत्र इंग्रजीत जाईल, पण आशय साधारण असा ठेवावा : “माझे एक्सप्रेस एंट्रीचे प्रोफाइल अमुक महिन्यापासून सक्रिय आहे व मला निमंत्रण आलेले नाही. या भेटीचा उद्देश बहिणीच्या बाळंतपणात तिच्यासोबत राहणे एवढाच असून त्या प्रक्रियेशी भेटीचा संबंध नाही. माझी रजा अमुक तारखेला संपते, माझे पती व मुलगी सोलापुरात आहेत आणि पीआरचा निर्णय काहीही लागला अथवा लागला नाही, तरी मी त्या तारखेपूर्वी परतणार आहे.” बस्स. ‘मला कॅनडात स्थायिक व्हायचे अजिबात नाही’ असले वाक्य चुकूनही लिहू नये. ते खोटे आहे आणि ते खोटे ठरवणारा पुरावा आपणच त्यांच्याकडे नोंदवून ठेवलेला आहे.

लपवाछपवीची किंमत काय, हेही नीट समजून घ्यावे. त्याच कायद्याच्या कलम ४० नुसार महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली, तर अर्जदार पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो आणि त्या पाच वर्षांत त्याला पीआरसाठी अर्जही करता येत नाही. साधा नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. कलम ४० लागले तर आपल्या वयाचे गुण घटत असताना पाच वर्षे हात बांधून बसावे लागते. ‘एजंटाने भरले, मला माहीत नव्हते’ हा बचाव तिथे सहसा टिकत नाही, कारण अर्जातील मजकूर आपला मानला जातो. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचे काम करण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, वकील संघटनेच्या सदस्य असलेल्या पॅरालीगलना (कायदा सहायकांना), क्वेबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या परवानाधारक सदस्यांनाच आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव घालून परवाना तपासता येतो. जो माणूस पैसे घेतो, फॉर्म भरतो आणि प्रतिनिधी म्हणून स्वतःचे नाव लिहायला नको म्हणतो, त्याच्याकडून पासपोर्ट परत घ्यावा.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्याच्याकडेच लोक दुर्लक्ष करतात. व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात आपण आज जे लिहाल, ते उद्या पीआरचा अधिकारी शेजारी ठेवून वाचू शकतो. नोकरीच्या तारखा, पदनाम, पत्ते, शिक्षण, भावंडे यांत फरक आढळला की शंका सुरू होते. आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या बाबतीत तर एक ठरलेली अडचण आहे. अनेकांनी कायम होण्यापूर्वी दोन-तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवलेले असते. व्हिजिटर अर्जात वजन पडावे म्हणून तो सगळा काळ ‘सहायक प्राध्यापक, पूर्णवेळ’ असा दाखवला जातो. पुढे पीआरच्या अर्जात त्याच काळाचा अनुभव धरायचा, तर महाविद्यालयाच्या पत्रात आठवड्याचे तास लिहावे लागतात आणि तिथे खरे तास येतात. एक्सप्रेस एंट्रीतील कुशल कामाच्या अनुभवावर आधारलेल्या फेडरल स्किल्ड वर्कर वर्गात पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला तीस तास धरले जातात. अर्धवेळ काम त्या प्रमाणात मोजता येते, पण पात्रतेसाठी किमान एक वर्षाचा अनुभव सलग लागतो, आणि तासिका तत्त्वावरची नेमणूक सत्र संपले की बहुधा खंडित होते. आता व्हिजिटर फॉर्ममध्ये पूर्णवेळ आणि अनुभवपत्रात आठवड्याला बारा तास, असे दोन कागद समोरासमोर आले, तर खुलासा मागणारे पत्र येते आणि त्यात ‘गैरसमजातून लिहिले’ यापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ताईंनी पहिल्या नेमणुकीपासूनची आदेशपत्रे काढून एक तक्ता तयार करावा, तारीख, पदनाम, तास आणि वेतन अशा क्रमाने, आणि व्हिजिटर व्हिसा असो वा पीआर, प्रत्येक फॉर्म त्याच तक्त्यावरून भरावा. रजेच्या पत्रातील पदनामही पुढे मिळणाऱ्या अनुभवपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे.

परतण्याचा पुरावा कशाने सिद्ध होतो, याबद्दल सोलापुरात एक समज पक्का आहे की, जितकी मालमत्ता दाखवावी तितका व्हिसा पक्का. सीएकडून मोठ्या आकड्याचे नेटवर्थ प्रमाणपत्र आणायचे, त्याला चार सातबारे जोडायचे आणि निर्धास्त राहायचे. माझ्या अनुभवात असल्या प्रमाणपत्राने फारसे काम होत नाही, कारण जमीन आणि घर माणूस परदेशात असला तरी जागेवरच राहतात. माणसाला ठरावीक तारखेला परत ओढून आणणारी गोष्ट अधिक मोलाची असते. ताईंच्या बाबतीत ती तीन ठिकाणी आहे : महाविद्यालयाची मंजूर रजा, यजमानांचा चालू कारखाना आणि मुलीची शाळा. रजेच्या पत्रात नेमणुकीची तारीख, वेतन, रजेची मुदत आणि पुन्हा रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी. नुसते ना हरकत प्रमाणपत्र अपुरे पडते. कारखान्याची उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रे, प्राप्तिकराची तीन वर्षांची विवरणपत्रे आणि माल परदेशी जात असेल तर एखाद-दोन शिपिंग बिले पुरेशी आहेत. यंत्रमागांसमोर उभे राहून काढलेल्या फोटोंचा अल्बम जोडू नये. मुलीचे बोनाफाइड आणि चालू वर्षाची फी भरल्याची पावती हे दोन छोटे कागद त्या अल्बमपेक्षा जास्त बोलतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो. कुटुंब मागे राहत असल्यामुळे अर्ज बळकट होतो, हे खरे आहे. परंतु केवळ त्यासाठी खोटी विभागणी करू नये. आधी एकटीने जायचे आणि व्हिसा लागल्यावर पंधरा दिवसांनी यजमानांनी मुलीसह अर्ज टाकायचा, असा बेत आधीच ठरला असेल, तर तो दुसऱ्या अर्जाच्या वेळी उघडा पडतो.

मराठीतील कागदांना इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर करणारा प्रमाणित भाषांतरकार नसेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि ते भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले चालत नाही. सातबारा जोडायचाच असेल तर सर्व गटांचे उतारे जोडून भाषांतराचा खर्च वाढवण्यापेक्षा एकच जोडावा आणि त्याच्यासोबत शेतीच्या उत्पन्नाचा माग दाखवावा. बाजार समितीतील कांद्याची पट्टी आणि त्या रकमेची बँक खात्यातील नोंद एकमेकांशी जुळते, तेव्हा शेतीचे उत्पन्न खरे वाटते.

पैशांच्या बाबतीत दोन्ही अर्ज एकमेकांच्या आड येऊ शकतात. फेडरल स्किल्ड वर्कर म्हणून जाणाऱ्याला स्थायिक होण्यापुरता निधी दाखवावा लागतो. तीन जणांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या जुलैमध्ये ही रक्कम २३,३६० कॅनेडियन डॉलर ठरली होती आणि ती दरवर्षी बदलते. मुलगी किंवा यजमान सोबत जाणार नसले तरी मोजणीत ते धरलेच जातात. हा निधी कर्जाऊ चालत नाही आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते. आता याच खात्यातून तिकिटे, विमा आणि तिकडचा खर्च केला, तर शिल्लक नेमकी निमंत्रणाच्या सुमारास खाली गेलेली दिसेल. म्हणून प्रवासखर्चाचे खाते वेगळे ठेवावे. उलट बाजूने, व्हिसासाठी म्हणून मामांनी अर्जाच्या आठवड्यात पाच लाख जमा केले, तर ते दोन्ही ठिकाणी खटकतात. बहीण-मेहुणे राहण्या-जेवण्याचा खर्च करणार असतील तर तसे निमंत्रणपत्रात लिहून त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडावा आणि तिकीट ताईंच्या पगारातून, असे सरळ चित्र मांडावे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेचे तिथल्या डॉक्टरांचे पत्र मात्र विसरू नये. ‘बहिणीला भेटायला’ हा मोघम हेतू आणि तारीख असलेला हेतू यांत अधिकाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

दुसऱ्या एजंटाच्या ‘तिथूनच सगळे होते’ या म्हणण्यात पूर्वी थोडेफार तथ्य होते. कोविडच्या काळात व्हिजिटर म्हणून आलेल्यांना तिथूनच वर्क परमिटसाठी अर्ज करण्याची विशेष सवलत दिली गेली होती, परंतु ती २८ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाली. सीमेवर जाऊन लगेच आत येत परमिट घेण्याचा मार्गही त्याच वर्षी २३ डिसेंबरला बंद करण्यात आला. व्हिजिटर म्हणून तिथे असताना एक्सप्रेस एंट्रीचे निमंत्रण आले तर अर्ज तिथून भरता येतो, पण त्यामुळे तिथे राहण्याचा अधिकार मिळत नाही. निर्णय लागेपर्यंतचे ब्रिजिंग परमिट काम करण्याचा परवाना असणाऱ्यांसाठी असते, पाहुण्यांसाठी नाही. व्हिजिटर म्हणून राहून आल्याबद्दल गुणही मिळत नाहीत. निव्वळ ‘कॅनडाचा शिक्का असला की बरे’ म्हणून कोणी व्हिसा मागत असेल, तर मी त्याला परावृत्त करतो. ताईंचे कारण खरे आहे, म्हणून हे सगळे लिहितो आहे.

निमंत्रण नेमके प्रवासात असताना येण्याची शक्यता धरून तयारी आधीच करावी. साठ दिवसांत पोलिसांचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे अनुभवपत्र आणि बँकेचे पत्र गोळा करायचे असते, आणि प्राचार्यांची सही ब्रॅम्प्टनमधून मिळवणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. अनुभवपत्राचा मसुदा जाण्यापूर्वीच मंजूर करून घ्यावा आणि बँकेच्या कामासाठी यजमानांचे नाव खात्यावर आहे ना, ते पाहावे.

विमानतळावरचा अधिकारी सहसा सहा महिन्यांची मुदत देतो, कमीही देऊ शकतो. व्हिसाच्या स्टिकरवरील तारीख आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे विचारले तर पीआरबद्दल पत्रात लिहिले तेच सांगावे. सामानात पदव्यांची सगळी मूळ प्रमाणपत्रे आणि बायोडेटाच्या प्रती नेऊ नयेत, कारण बाळंतपणाला आलेल्या पाहुणीला त्यांची गरज का पडावी, हा प्रश्न रास्त आहे. शेंगाचटणी आणि डिंकाचे लाडू न्यावेत, पण कस्टम्सच्या घोषणेत खाद्यपदार्थ आहेत असे नोंदवावे. बहिणीच्या बाळाची देखभाल घरची माणूस म्हणून करण्यात काही गैर नाही. शेजारच्या घरी पैसे घेऊन मूल सांभाळणे मात्र काम ठरते.

नकार आलाच, तर त्यामुळे पीआरची दारे बंद होत नाहीत. पीआरच्या अर्जात तो नकार प्रामाणिकपणे नोंदवावा लागतो, एवढेच. घाईने तीच फाइल पुन्हा पाठवणे हा पैशांचा अपव्यय आहे. अधिकाऱ्याने काय टिपले ते आधी पाहावे. अलीकडे काही नकारपत्रांसोबतच त्याच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. आल्या नाहीत तर ताईंच्या लेखी संमतीने बहीण तिथून माहितीच्या कायद्याखाली त्या मागवू शकते आणि त्याचे शुल्क पाच डॉलर आहे. शंका पैशांबद्दल असेल आणि आपण सातबारे वाढवले, तर दुसरा नकार ठरलेला.

हे सगळे कॅनडापुरते आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी कायदा उलट बाजूने सुरू होतो. तिथे २१४(बी) या कलमानुसार प्रत्येक अर्जदार स्थायिक होण्यासाठीच येतो आहे असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर असतो. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये आपल्यासाठी कोणी स्थलांतराची याचिका दाखल केली आहे का, असा थेट प्रश्नही असतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर कधीकधी ८५०३ ही अट घातलेली असते आणि ती असली तर तिथे असताना बहुतेक दुसरे व्हिसा मागताच येत नाहीत. मैत्रिणीला अमुक देशात चालले म्हणून मलाही चालेल, असा हिशेब करू नये.

ताईंच्या आईंनाही जायचे असेल, तर त्यांच्यासाठी सुपर व्हिसाचा विचार करावा. तो पीआर किंवा नागरिक असलेल्यांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना मिळतो, बहिणीला नाही. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र बोलावणाऱ्या मुलीचे उत्पन्न ठरावीक मर्यादेइतके असावे लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा घ्यावा लागतो.

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाचे शुल्क शंभर कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे पंच्याऐंशी आहे. बायोमेट्रिक्सचे पत्र आल्यावर पुण्याच्या केंद्रात वेळ घ्यावी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येते. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. त्यामुळे पासपोर्टची दीड-दोन वर्षेच शिल्लक असतील तर आधी तो नवा करून घ्यावा, आणि मगच सगळे फॉर्म, एक्सप्रेस एंट्रीचे प्रोफाइलसुद्धा, नव्या क्रमांकाने दुरुस्त करावेत.